खोडलेल्या नावाची पत्रिका

काकाजी लग्नपत्रिका खालून वर वाचायचे. आधी प्रेसचं नाव, मग ‘कृपया आहेर आणू नये’, मग स्थळ, मग निमंत्रकांची लांबलचक रांग आणि सगळ्यात शेवटी, जिथून आपण सगळे वाचायला लागतो तिथे, नवरा-नवरी. वरच्या ओळींवर एक जुनं पोस्टकार्ड धरलेलं असायचं. एक ओळ झाली, की ते बोटभर वर सरकायचं. नवीन गिऱ्हाईक हे पाहून हसलं, तर ते कागदावरची नजर न काढता म्हणायचे, “ओळखीचं नाव आलं का डोळे धावतात, भाऊ. त्यायले धावू द्याचं नाही.”

अमरावतीत राजकमल चौकाच्या मागच्या एका गल्लीत ती प्रेस आहे. मी तिथे पावणेदोन वर्षं पत्रिका डिझाइन करायचं काम केलं. काकाजी माझ्याआधी पस्तीस वर्षं तिथे होते. छपाईसाठी एकेका अक्षराचे शिशाचे खिळे जुळवायचे, तेव्हापासून. मालक दुसरे होते, गल्ल्यावर तेच बसायचे, पण आत येणारा माणूस आधी काकाजी कुठे आहेत ते बघायचा. असं कुणी तुम्हीही पाहिलं असेल. दवाखान्यातला जुना कंपाउंडर, शाळेतला जुना शिपाई. पाटीवर नाव दुसऱ्याचं आणि भरवसा याच्यावर.

मी इंग्रजी शाळेत शिकले. घरी मराठी बोलतो, पण मराठी लिहायची वेळ दहावीनंतर माझ्यावर आलीच नव्हती. आणि अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं, की मी वाक्य आधी मनात पाठ करत बसते आणि तोवर वेळ निघून जाते. अजूनही तसंच होतं. म्हणून कॉम्प्युटरसमोर बसायचं काम मला बरं वाटलं. पहिल्याच आठवड्यात एका पत्रिकेतली निमंत्रकांची अठ्ठावीस नावं मी अक्षरांच्या क्रमानं लावून टाकली. अ पासून सुरुवात, ज्ञ ला शेवट. मला ते फार नीटनेटकं दिसत होतं. काकाजींनी पोस्टकार्ड बाजूला ठेवलं, चष्मा काढला आणि डोळे पुसले. मला वाटलं, रागावले. मग कळलं, हसताहेत.

“ए कॉन्व्हेंट,” ते म्हणाले, “ह्या पत्रिकेनं लग्न नाही लागत, तंटा लागते. लहान साळा वर अन् मोठा चुलता खाली? चुलता मांडवात पाय तरी ठेवन काय?”

तेव्हापासून प्रेसमध्ये माझं नाव कॉन्व्हेंट पडलं. पुढचे दोन महिने त्यांनी मला नाती शिकवली. कोणाच्या पत्रिकेवर गणपती येतो आणि कोणाच्या पत्रिकेवर तथागतांचं चित्र आणि ‘मंगल परिणय’. आजोबा हयात नसतील, तर त्यांचं नाव कुठे जातं. मामा कुठे, आत्याचा नवरा कुठे. मी हे सगळं एका डायरीत उतरवून घ्यायचे, तेही इंग्रजी अक्षरांत, आणि ते पाहून त्यांना आणखी हसू यायचं. फक्त जावयाच्या बाबतीत ते हसले नव्हते. “जावायाचं नाव सुटलं नं, बेटा, तं पोरगी माहेरी येणं बंद होते. एक ओळ आपली, अन् तिचं माहेर जाते.”

फोन वाजला, की मी वहीत डोकं घालायचे. ते रिसीव्हर उचलून माझ्या कानाला लावायचे आणि स्वतः चहाला निघून जायचे. “बोल. तो काय फोनातून चावते?”

चुकीच्या बाबतीत त्यांचा एकच कायदा होता. एकदा मी एका पत्रिकेत दुसऱ्याच लग्नाचं मंगल कार्यालय टाकलं. गठ्ठा छापून झाल्यावर माझ्या लक्षात आलं आणि मी दोन तास गप्प बसले. शेवटी काकाजींना सांगितलं. ते सरळ मालकांसमोर जाऊन उभे राहिले. “माह्या डोळ्याखालून गेली, मी पाहाले पायजे होतं.” मालकांनी त्यांना जे बोलायचं ते बोलून घेतलं. बाहेर आल्यावर काकाजी मला एवढंच म्हणाले, “चूक कोणाकडूनही होते. पण तू दोन घंटे लपवली. ते दोन घंटे तुह्ये.” मी त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं, की मला शाळेत असे शिक्षक मिळाले नाहीत.

अलीकडे लोक कागदी पत्रिका थोड्या छापतात आणि बाकीच्यांना मोबाइलवर पाठवतात. लग्नघरचे आम्हाला पाहुण्यांच्या नंबरांची यादी देतात आणि प्रेसच्या नंबरावरून पत्रिका जाते. चोरही याच वाटेनं आले. पत्रिका म्हणून एक फाइल येते. ती उघडली, की पत्रिका दिसत नाही; फोनमध्ये एक ॲप शिरतं आणि आत बसून मेसेज वाचायला लागतं. बँकेचा ओटीपी तुमच्याआधी त्यालाच दिसतो. तुम्ही तो कुणाला सांगायची गरजही राहत नाही. हे काकाजींना मीच पहिल्यांदा समजावलं. दोन दिवस त्यांनी प्रश्न विचारून मला हैराण केलं आणि तिसऱ्या दिवसापासून ते माझ्यापेक्षा चांगलं समजावू लागले.

“फाइलचं शेपूट पाहाचं,” ते गिऱ्हाइकाला म्हणायचे. “फोटो आला, पाहा. पीडीएफ आली, पाहा. शेपटाले ए-पी-के दिसलं, तं ते पत्रिका नाही, चोर होय. अन् पत्रिका पाहाले काही इन्स्टॉल करा लागते काय? तुमच्या आज्यानं कधी पत्रिका इन्स्टॉल केली होती?”

याच मजकुराची एक चिठ्ठी त्यांनी स्वतः जुळवली, उरल्यासुरल्या कागदावर छापली आणि प्रत्येक पत्रिकेच्या गठ्ठ्यात ती जायला लागली. संध्याकाळी बागेत बसणाऱ्या म्हाताऱ्यांना ते गाठायचे आणि त्यांचे फोन हातात घेऊन शेपूट दाखवायचे.

एका दुपारी त्यांना व्हिडिओ कॉल आला. वर्दीतला माणूस, मागे पोलीस ठाण्याची पाटी. तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, तुम्हाला फोनवरच अटक झालेली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. मालक खुर्चीतून उठले. मी भिंतीला टेकले. काकाजींनी फोन डोळ्यांजवळ नेला.

“साहेब, ते मागची पाटी कुठून छापली?”

“क्या बोला?”

“कडेनं कागद सुटून राहिला. लॅमिनेशन नाही केलं काय? अन् पोलीस फोनावर अटक नाही करत, भाऊ. घरी येते. या तुमी, चहा ठेवतो.”

फोन कट झाला. “धंदा करते लेकाचा, पण पाटीवर खर्च करत नाही,” ते म्हणाले आणि पुन्हा पोस्टकार्ड घेऊन बसले.

मागच्या उन्हाळ्यात काकाजींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. लग्नसराईची घाई, आणि ते घरी. त्याच आठवड्यात एक गृहस्थ मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेचं काम घेऊन आले. मूळचे बार्शीटाकळीचे, नोकरीनं अमरावतीत. नावांची यादी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून आणली होती. मी पहिलं प्रूफ तयार केलं आणि काकाजींना फोन केला. “पाठव,” ते म्हणाले, “एक डोळा रिकामाच आहे.” मी प्रूफ त्यांच्या मोबाइलवर पाठवलं. पाहुण्यांच्या नंबरांची यादीही पाठवली, कारण पत्रिकेतली नावं यादीशी जुळवल्याशिवाय ते काम सोडत नसत.

दुसऱ्या दिवशी नवरीचे वडील प्रूफ बघायला आले. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्या हातातला पेन घेऊन त्यांनी निमंत्रकांमधलं एक नाव खोडलं. ते त्यांच्या मेव्हण्याचं होतं. अकोल्याच्या बहिणीच्या नवऱ्याचं. साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, मानपानावरून बोलाचाली झाली होती आणि घरचे हे जावई न जेवता उठून गेले होते.

“हे काढा,” ते म्हणाले.

मला काकाजींचं बोलणं आठवलं. काहीतरी म्हणावंसं वाटलं. वाक्य मनात जुळवेपर्यंत ते पेन ठेवून उठले आणि मी नाव काढलं. त्या नावाशिवाय पत्रिका छापून गेली.

चार-पाच दिवसांनी काकाजी काळा चष्मा लावून कामावर आले. आल्या आल्या त्यांनी फोन माझ्यापुढे केला. “पाण्यात पडला. दुकानवाल्यानं सगळं पुसून देल्लं. तुहा नंबर टाक बरं.” फोन कोरा होता, विकत आणला तेव्हा असतो तसा.

“तांदळात ठेवायचा होता, काकाजी.”

“तांदूळ खायाले आहे,” ते म्हणाले. पण म्हणताना हसले नाहीत. ते मी पाहिलं, आणि डोळा दुखत असेल असं समजून सोडून दिलं.

त्यानंतर दोन दिवसांनी नवरीचे वडील पुन्हा आले. दारातूनच बोलत आले.

“सकाळी अकोल्याहून माह्या बहिणीचा फोन आला. रडून राहिली होती. आनंदानं. म्हणे, दादा, तू आमच्या घरच्यायचं नाव पत्रिकेत टाकलं, माहा जीव थंड झाला. मी म्हटलं, बाई, मी कुठं टाकलं?”

त्यांनी आपला मोबाइल मालकांपुढे आपटला. बहिणीनं त्यांना पुढे पाठवलेला मेसेज होता. वर आमच्या प्रेसचं नाव, नंबर भलताच. त्याखाली माझं पहिलं प्रूफ, जसंच्या तसं. खोडलेलं नाव त्याच्या जागेवर. आणि त्याखाली एक फाइल: पूर्ण पत्रिका पाहण्यासाठी इथे दाबा.

त्यांची बहीण निवृत्त अंगणवाडी सेविका. हिशेबी बाई. अनोळखी फोन उचलत नाही, ओटीपी सख्ख्या मुलालाही सांगत नाही. पण नवऱ्याचं नाव भावाच्या पत्रिकेत दिसलं आणि फोन जे जे विचारत गेला त्याला ती हो म्हणत गेली. भावाला फोन करून आनंदानं रडून होईपर्यंत तिच्या खात्यातलं निवृत्तीचं जे काही होतं, ते गेलेलं होतं. सायबरच्या हेल्पलाइनला फोन झाला होता. थोडं थांबवता आलं, बाकी नाही.

“ते नाव मी ह्या पोरीसमोर खोडलं,” ते माझ्याकडे बोट करून म्हणाले. “छापलं नाही, कोणाले दाखवलं नाही. मंग ते बाहेर गेलं कसं?”

मालक माझ्याकडे वळले. मी हिशेब करत होते. नाव असलेलं प्रूफ दोनच ठिकाणी होतं. एक माझ्या कॉम्प्युटरवर. दुसरं, पाहुण्यांच्या यादीसकट, कोऱ्या झालेल्या त्या फोनमध्ये. मी काकाजींकडे पाहिलं. ते रुमालाची घडी घालत होते. ती घालून झाली, की पुन्हा उलगडत होते.

मग ते पुढे आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“लहान आहे पोरगी. चुकून गेलं असन कुठं तिच्या हातून. नका बोलू तिले.”

तुम्ही विचाराल, तेव्हाच का नाही बोललीस? मला वाटलं, पुढचं वाक्य ते बोलतील. त्यांचा हात माझ्या डोक्यावर होता. मला खरंच वाटलं, की हे फक्त पहिलं वाक्य आहे. मी वाट बघत राहिले, आणि तेवढ्यात मालक हात जोडून माफी मागायला लागले, माझ्या वतीनं, आणि नवरीचे वडील म्हणाले, “एवढी शिकलेली पोरगी ठेवता, अन् अक्कल नाही.”

काकाजींनी रागावून माझं नाव घेतलं असतं, तर मी बोलले असते. त्यांनी माझी बाजू घेत घेत माझं नाव घेतलं.

मला कामावरून काढलं नाही. कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला आणि तो मला सांगितला नाही. सकाळी मालक स्वतः येऊन तो टाइप करायचे. यादी पाठवायचं काम गल्ल्यावर गेलं. ओळखीची गिऱ्हाइकं माझ्या टेबलाशी यायची आणि पेन ड्राइव्ह देताना क्षणभर थांबायची. कुणी काही बोलत नसे. बोलत नसल्यामुळे मलाही काही सांगता येत नसे.

दोन दिवसांनी मालक जेवायला गेले असताना मी कटिंग मशीनजवळ गेले. काकाजी कागदाच्या रिमांवरची धूळ झटकत होते.

“काकाजी, ते नाव असलेलं प्रूफ मी फक्त तुम्हाला पाठवलं होतं.”

“माहीत आहे.”

“फोन पाण्यात पडला नव्हता.”

“नाही.”

त्यांनी चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा लाल होता. “नांदगाव खंडेश्वरहून आली,” ते म्हणाले. “साळ्याच्या नातवाची पत्रिका म्हणून. साळ्याचं नाव पाहिलं, अन् दाबलं. शेपूट पाहालंच नाही मी.”

“एका डोळ्यावर पट्टी होती तुमच्या.” हे कारण मी दोन दिवस त्यांच्यासाठी शोधून ठेवलं होतं.

“दोन्ही डोळे चांगले असते तरी दाबलं असतं.”

“कळलं कधी?”

“त्याच दिवशी. फोन आपल्या आपण चालून राहिला होता. दुकानात नेला, पुसून घेतला. वाटलं, पुसलं तं संपलं.”

त्याच दिवशी त्यांनी एक फोन केला असता, तर आम्ही यादीतल्या प्रत्येकाला सावध केलं असतं. अकोल्याच्या बाईंनाही. माझ्याकडे त्यांचा नंबर होता. हे मी बोलले नाही. बोलायची गरज नव्हती, कारण ते माझ्याकडे न बघता मान हलवत होते.

“आख्ख्या गावाले शेपूट दाखवत फिरलो मी,” ते म्हणाले. “बागेतले म्हातारे काय म्हणन? मालक काय म्हणन? पस्तीस वर्षं, बेटा... मले आठ दिवस दे. मीच सांगतो मालकाले. तुह्यावर येऊ देणार नाही.”

“आलंय काकाजी माझ्यावर.”

“आठ दिवस दे.”

मी आठ दिवस दिले. तेव्हा मला वाटत होतं, की मी काहीतरी मोठं मन दाखवते आहे. सहाव्या दिवशी ते आले नाहीत. सातव्या दिवशी मालक म्हणाले, की काकाजींना आता डोळ्यांनी काम होत नाही, मुलीनं नाशिकला नेलं. मी फोन लावला. बंद. मी भरून दिलेला माझा नंबर त्या फोनमध्ये असेलच. तिकडून कधी वाजला नाही. गल्लीतल्या चहावाल्यानं मला विचारलं, “तुमच्यामुळं गेले काय ते? लई मनाले लावून घेतलं म्हणतात तुमचं.”

मी कुणाला सांगितलं नाही. पुरावा नव्हता. असता, तरी पस्तीस वर्षांसमोर माझी पावणेदोन वर्षं काय होती? आणि खरं सांगू का, मला बरेच दिवस वाटत होतं, की ते मालकांना पत्र लिहितील. ते पत्र मी मनात कितीतरी वेळा वाचलं.

दिवाळीच्या सुमारास मी प्रेस सोडली. अकोल्यातल्या एका मोठ्या प्रेसमध्ये काम आहे असं कळलं, म्हणून तिथे गेले. कामाचे नमुने दाखवले. त्यांना आवडले. मग आधी कुठे होता, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. समोरचा माणूस नमुने परत फाइलमध्ये घालत म्हणाला, “ते पत्रिकेचं प्रकरण तुमच्याकडूनच झालं नं? आमच्याकडे पाहुण्यांच्या याद्या असतात, मॅडम. समजून घ्या.”

तिथून निघाल्यावर मी बसस्टँडला गेले नाही. ज्या बाईंचं नुकसान झालं, त्या याच शहरात कौलखेडला राहतात, हे मला यादीवरून माहीत होतं. मालकांना, गिऱ्हाइकांना सांगायला मी घाबरत होते. पण निदान त्यांना तरी कळायला हवं, की ते माझ्या हातून गेलेलं नाही. तिथून सुरुवात झाली, तर बाकीच्यांना सांगता येईल. रिक्षात मी पहिलं वाक्य पाठ करत होते.

दार त्यांनीच उघडलं. मी प्रेसचं नाव सांगितलं.

“तूच काय ते पोरगी?” त्या म्हणाल्या. क्षणभर दार धरून उभ्या राहिल्या. मग बाजूला झाल्या. “ये. उन्हातून आली. पाणी पी आधी.”

घर स्वच्छ होतं. शोकेसमध्ये, नातवंडांच्या बक्षिसांच्या मधे, एक लग्नपत्रिका उभी करून ठेवली होती. मी ती ओळखली. जाड कागद, मीच निवडलेली किनार. पण आम्ही छापलेल्या पत्रिकेत नसलेलं नाव तिच्यात होतं. निमंत्रकांमध्ये, तिसऱ्या ओळीत.

“तुमचे काकाजी देऊन गेले,” माझी नजर पाहून त्या म्हणाल्या. “काळा चष्मा लावून आले होते. पोरीकडं नाशिकले जायाच्या आधी. म्हणे, एकच छापली, तुमच्यासाठी.”

ती त्यांनी कधी छापली, मला कळलंही नव्हतं. ओळींमधलं अंतर, नावांचा उतरता क्रम, सगळं नेमकं होतं. फार सुंदर काम होतं.

“एक सांग मले, बेटा.” त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. “ते खोटी पत्रिका होती, कळलं. पण नाव कुठून आलं त्याच्यात? माह्या भावानं पयले लिवलं होतं काय?”

“हो. तुमच्या भावाच्याच अक्षरात होतं. नंतर त्यांनी खोडलं.”

“पण पयले लिवलं होतं.”

“लिहिलं होतं.”

त्यांनी पदरानं शोकेसची काच पुसली, जिथे ती पुसायची गरज नव्हती. “लग्नाले गेलो नाही आमी,” त्या म्हणाल्या. “पैसे गेले ते गेलेच. पण मी सकाळी नऊ वाजता नाचली होती इथं. एवढी बाई, नाचली.”

मला वाटलं, आता बोललं पाहिजे.

“आत्या, ते प्रूफ माझ्याकडून गेलं नव्हतं.”

एकदा सुरुवात झाली आणि मी थांबले नाही. डोळ्याचं ऑपरेशन, मी पाठवलेलं प्रूफ, नांदगावची खोटी पत्रिका, पुसलेला फोन, डोक्यावर ठेवलेला हात, आठ दिवस. अनोळखी माणसाशी मी इतकं सलग आयुष्यात कधी बोलले नव्हते. पाठ केलेलं वाक्य संपलं, तरी पुढची आपोआप येत गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही टोकलं नाही. मी संपवलं, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून दोनदा थोपटलं.

“असू दे, बेटा. झालं ते झालं.”

“पण ते मी नव्हते, आत्या.”

“तू असंच म्हणशीन, हे काकाजी बी सांगून गेले होते,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “तुह्या वतीनं माफी मांगितली त्यायनं. डोळ्यातून पाणी गळत होतं. मी म्हटलं, ऑपरेशनच्या डोळ्यानं रडू नका, भाऊ. म्हणे, पोरगी लाजरी आहे, गुणाची आहे. कधी आली तुमच्याकडं, तं कबूल नाही करणार, दुसऱ्यावर ढकलन. भेते ते. तिच्यावर रागावू नका.”

मी शोकेसकडे पाहत राहिले.

“मी नाही रागावली,” त्या उठत म्हणाल्या. “तुह्यासारखी नात आहे मले. बस, पोहे टाकते. खाऊन जा.”

टीपॉयवर त्यांचा मोबाइल पडला होता, माझ्या हाताशी. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलेल्या त्या परत आल्या, माझ्याकडे पाहून हसल्या, आणि तो उचलून आत घेऊन गेल्या.